मँचेस्टरचा राखीव मुलूख

'पुरवठा-साखळी' हा शब्द २०२० पूर्वी व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांबाहेर फारसा पडत नसे. महामारीच्या वर्षात तो दैनिकांच्या पहिल्या पानावर आला; आणि मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे एकच जहाज सुएझच्या कालव्यात सहा दिवस आडवे होऊन बसले, तेव्हा तर तो घरोघरी पोचला. एकाच देशावर किंवा एकाच वाटेवर विसंबू नये, दुसरा पुरवठादार हाताशी असावा, कोठारात काही महिन्यांचा साठा असावा, असा उपदेश तेव्हापासून सर्वत्र ऐकू येतो. हा उपदेश नवा नाही. इसवी सनाच्या १८५०च्या दशकात मँचेस्टर शहरात तो जवळजवळ याच आशयाने केला जात होता. आणि दुसरा पुरवठादार म्हणून ज्या मुलखांकडे बोट दाखविले जाई ते होते वऱ्हाड, खानदेश, गुजरात आणि आमचा हा धारवाड-बेळगावकडील काळ्या मातीचा पट्टा.

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातील कापसाची तेजी मराठी वाचकाला अपरिचित नाही. प्रेमचंद रायचंद, बॅकबेची कंपनी, शेअर बाजाराचा उन्माद आणि १८६५ची दाणादाण ही कथा अनेकांनी अनेक प्रकारे सांगितली आहे. मात्र त्या कथेत कापूस जणू मुंबईच्या धक्क्यावरच उगवतो. आम्हास येथे ती दुसऱ्या टोकाकडून पाहावयाची आहे. संकट येणार हे ज्याला अगोदर कळले होते, त्यासाठी ज्याने संस्था काढल्या, माणसे पाठविली, बियाणे वाटले, अशा एका बलाढ्य उद्योगाची तयारी ऐन वेळी अपुरी का पडली, आणि त्या अपुरेपणाचे मोल कोणाच्या पदरी आले, हा आमचा प्रश्न आहे.

प्रथम आकडे पाहू. १८६० साली ब्रिटनने सुमारे १३९ कोटी रत्तल कापूस आयात केला. त्यांपैकी १११ कोटी रत्तलांहून अधिक, म्हणजे शंभरातले ऐंशी, एकट्या अमेरिकेतून आले. हिंदुस्थानचा वाटा सुमारे २० कोटी ४० लाख रत्तलांचा होता. अमेरिकेतील तो कापूस गुलामांच्या श्रमावर पिकत होता. आणि गुलामगिरीचा प्रश्न त्या देशाला एक ना एक दिवस फोडणार, हे लँकेशायरच्या गिरणीमालकांना दिसत नव्हते असे नाही. गुलामांचे बंड होईल, युद्ध होईल, किंवा नुसते पीक बुडेल. काहीही झाले तरी चरितार्थासाठी या एका धंद्यावर अवलंबून असलेली लाखो माणसे उघडी पडतील, ही भीती सभासभांतून बोलून दाखविली जात होती.

जॉन ब्राइट यांच्या अध्यक्षतेखाली १८४८ साली पार्लमेंटची एक समिती केवळ हिंदुस्थानातील कापसाच्या लागवडीची चौकशी करण्यासाठी बसली. १८५१ साली मँचेस्टर आणि इतर शहरांच्या व्यापारी मंडळांनी अलेक्झांडर मॅके यांना पश्चिम हिंदुस्थानात धाडले. मॅके परतीच्या प्रवासात वारले. त्यांचे निवेदन १८५३ साली ग्रंथरूपाने निघाले. त्यात रस्ते नाहीत, सारा जड आहे आणि शेतकरी सावकाराच्या हाती आहे, ही तिन्ही दुखणी स्पष्ट मांडलेली होती. पुढे १८५७ साली मँचेस्टर येथे 'कॉटन सप्लाय असोसिएशन' नावाची संस्थाच स्थापन झाली. कापूस मिळेल तेथून मिळविणे हे तिचे ब्रीद. तिने इजिप्तपासून हिंदुस्थानापर्यंत बियाणे आणि सरकी काढण्याची यंत्रे वाटली, स्वतःचे नियतकालिक चालविले, सरकारकडे शिष्टमंडळे नेली.

इतके सारे खरे; परंतु कापूस विकत घेण्याचे काम या संस्थेने केले नाही. ते तिच्या उद्दिष्टांतच नव्हते. तिचे सभासद स्वतंत्र गिरणीमालक होते, आणि लिव्हरपूलच्या बाजारात ज्या सकाळी जो कापूस स्वस्त व सोयीचा असेल तो ते घेत. तो बहुधा अमेरिकन असे. अमेरिकेचे पीक मोठे आले की हिंदी मालाला कोणी विचारीत नसे. तिकडचे पीक कमी आले की 'सुरत' घेतला जाई. पश्चिम हिंदुस्थानातील बहुतेक कापसाला तिकडे सरसकट 'सुरत' हेच नाव होते. म्हणजे आमचा मुलूख हा त्यांचा राखीव मुलूख होता, पण अडीअडचणीपुरता. तो राखून ठेवण्यासाठी चांगल्या वर्षांत काही खर्च करावा लागतो, हा हिशेब कोणी मांडला नाही. मांडला तेव्हा तो सरकारच्या नावे मांडला.

सरकारने तो पूर्णपणे नाकारला असेही नव्हे. लॉर्ड डलहौसी यांनी १८५३ साली रेल्वेविषयी लिहिलेल्या प्रसिद्ध टिपणात इंग्लंडच्या कापसाच्या गरजेचा उल्लेख आहे. त्याच वर्षी निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. कारण सांगितले गेले ते हैदराबाद फौजेच्या थकलेल्या खर्चाचे. पण त्या काळ्या जमिनीत काय पिकते हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते. तथापि १८५९ नंतर भारतमंत्री झालेले सर चार्ल्स वुड मँचेस्टरच्या शिष्टमंडळांना साधारणपणे एकच उत्तर देत: तुम्ही मुक्त व्यापाराचे पुरस्कर्ते आहात, तर योग्य किंमत द्या, कापूस आपोआप येईल. हे उत्तर तर्कशुद्ध होते. ज्यांनी उभे आयुष्य मुक्त व्यापाराचा घोष केला त्यांनी स्वतःच्या कच्च्या मालापुरते सरकारचे बोट धरावे, यातील विसंगती वुड यांनी अचूक हेरली. पण हे उत्तर अपुरेही होते, कारण किंमत वाढली तरी रस्ता एका रात्रीत तयार होत नाही.

या सगळ्या प्रयत्नांत यशाचे एक उदाहरण होते, आणि ते आमच्याच भागातले. कंपनी सरकारने १८४० साली अमेरिकेतून दहा अनुभवी कापूस-लागवडदार आणविले. मुंबई, मद्रास आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांत त्यांची वाटणी झाली. बहुतेक ठिकाणी त्यांचे प्रयोग फसले. हुबळीजवळ कुसुगल येथे मात्र न्यू ऑर्लिन्सचे बियाणे रुजले. धारवाडच्या पूर्वेकडील पट्ट्यास दोन्ही मोसमी पावसांचा थोडा थोडा लाभ होतो, हवा सौम्य असते. ते या जातीला मानवले. 'धारवाड-अमेरिकन' या नावाने हा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ओळखला जाऊ लागला. या जातीची एक अडचण होती. देशी कापसाची सरकी आमच्याकडे बायका रेच्यावर किंवा पायाखालच्या लाटण्याने काढीत. या कापसाची रुई सरकीला इतकी घट्ट धरून असते की रेचा तेथे हात टेकतो. त्यासाठी दातेरी चक्रांचे अमेरिकन यंत्र लागे. दाते बोथट झाले की ते धागा तोडीत, आणि ते नीट करणारा कारागीर खेड्यात नसे. म्हणून सरकारने धारवाडात यंत्रे करण्याचा व दुरुस्त करण्याचा कारखाना चालविला. डॉक्टर फोर्ब्स हे त्याचे अधीक्षक. तेच पुढे मुंबई इलाख्याचे कापूस-आयुक्त झाले.

आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाची गुंतवणूक ती हीच. नुसते बियाणे वाटून पर्यायी पुरवठा उभा राहत नाही. यंत्राचा दाता घासून देणारा लोहार जवळ असावा लागतो.

आता कारवारचे प्रकरण. धारवाडचा देशी कापूस बाजारात 'कुमठा' या नावाने ओळखला जाई, याचे कारण तो घाट उतरून कुमठ्याच्या बंदरात येई आणि तेथून गलबतांनी मुंबईस जाई. या वाटेचे गणित फार नाजूक होते. आमच्याकडे कापूस वेचला जातो तो बहुतांशी फेब्रुवारी-मार्चात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की घाटातली वाट संपली आणि कुमठ्याचे उघडे बंदरही बंद झाले. मधल्या दोनतीन महिन्यांत सरकी काढून, बैलांवर वा गाड्यांवर लादून जेवढा माल खाली उतरेल तेवढा उतरला. उरलेला पावसाळाभर वखारीत किंवा ओसरीवर भिजत पडे. मुंबईत तो उतरवून, गाठी बांधून, मोठ्या जहाजावर चढवून केप ऑफ गुड होपला वळसा घालून लिव्हरपूलला जाण्यास आणखी तीनचार महिने. म्हणजे मँचेस्टरने आज अधिक कापूस हवा असे म्हटले, तर पेरणीपासून धरून तो हाती पडण्यास वर्षाहून अधिक काळ जावा.

ही वाट आखूड करण्याची कल्पना निघाली ती कारवारच्या खाडीवरून. काळी नदीच्या मुखाशी सदाशिवगड, आणि त्याच्या दक्षिणेस बैतकोलचे सुरक्षित बंदर. येथे पावसाळ्यातही जहाज नांगरून राहू शकते. धारवाडहून घाटातून थेट कारवारला पक्का रस्ता करावा, बंदरावर धक्का बांधावा, तेथेच गाठी दाबण्याचे यंत्र बसवावे आणि मुंबईला बगल देऊन माल सरळ लिव्हरपूलला न्यावा. योजना उत्तम होती. नकाशावर पाहणाऱ्याला आजही ती पटेल. १८६० साली याच हेतूने 'मँचेस्टर कॉटन कंपनी' निघाली. प्रत्यक्ष खरेदी करणारी ही पहिली संस्था. हेवूड नावाचे तिचे प्रतिनिधी १८६१ साली, म्हणजे युद्ध सुरू झाल्यानंतर, इकडे येऊन दाखल झाले.

पण कारवार तेव्हा मद्रास इलाख्यात होते आणि धारवाड मुंबई इलाख्यात! कापूस एका सरकारच्या हद्दीत पिकायचा आणि बंदर दुसऱ्याच्या हद्दीत. मद्रासेला आपल्या पैशाने मुंबईच्या कापसासाठी घाट फोडण्यात रस नव्हता. मुंबईला आपले बंदर चुकवून जाणाऱ्या वाटेचे कौतुक का असावे? सीमाभागात राहणाऱ्या वाचकांना या गोष्टीचे नवल वाटणार नाही. पत्रव्यवहार लंडनपर्यंत गेला, आणि अखेर १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रासकडून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यात आला. कापसाच्या एका वाटेसाठी इलाख्याची हद्द बदलली गेली. तरीही रस्ता वेळेवर झाला नाही. कंपनीची यंत्रे सदाशिवगडाच्या किनाऱ्यास आली तेव्हा ती उतरवून घेण्यास धड धक्का नव्हता, आणि पुढे नेण्यास पुरा रस्ता नव्हता. हेवूड यांनी सरकारला दोष दिला, सरकारने कंपनीच्या उतावीळपणाला. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. लँकेशायरच्या धनिकांनी या कंपनीचे भाग फारसे घेतलेही नव्हते. थोड्याच वर्षांत तिने गाशा गुंडाळला. कारवारजवळच्या बेटावर १८६४ साली दीपस्तंभ मात्र उभा राहिला.

युद्धाला तोंड फुटले १२ एप्रिल १८६१ रोजी. आठवडाभरात लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. दक्षिणेनेही स्वतः कापूस अडवून धरला. त्याच्यावाचून इंग्लंडचे चालणार नाही, तेव्हा इंग्लंड आपल्या बाजूने उतरेल, अशी त्यांची अटकळ. या क्षणी लँकेशायरमध्ये हाहाकार उडावयास हवा होता. तसे झाले नाही. मागील दोन वर्षांत पीक मोठे आले होते, कोठारे कापसाने भरली होती, आणि सूत व कापड तर इतके काढले गेले होते की मुंबई-कलकत्त्याच्या बाजारांत मँचेस्टरचे कापड पडून होते. कच्च्या मालाची वाट बंद झाल्यामुळे पडून असलेल्या मालाला भाव आला. ज्यांच्याकडे साठा होता त्यांना नाकेबंदी शापापेक्षा वरदान वाटली असल्यास नवल नाही. साठा हा संकटातला आधार खरा. पण साठ्याचा धनी आणि साठ्यावर पोट असणारा हे दोघे एक नसतात, एवढे येथे दिसते.

खरा चटका बसला तो १८६१ची अखेर होताना, आणि पुढचे सबंध वर्ष. १८६२ साली अमेरिकेतून आलेला कापूस होता अवघा १ कोटी ३५ लाख रत्तल. गिरण्या प्रथम आठवड्यातील काही दिवस, मग पूर्णच बंद. त्या वर्षाच्या अखेरीस सुमारे पाच लाख माणसे धर्मादाय मदतीवर जगत होती. त्यांच्यासाठी निघालेल्या निधीला हिंदुस्थानातूनही वर्गण्या गेल्या. त्याच डिसेंबरच्या अखेरच्या दिवशी मँचेस्टरच्या कामकऱ्यांनी सभा भरवून गुलामगिरीविरुद्ध लिंकन यांना पाठिंबा कळविला, आणि लिंकन यांनी त्यांना आभाराचे पत्र लिहिले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. ज्यांची चूल विझली होती त्यांनी तो ठराव केला, याची नोंद घेतल्यावाचून पुढे जाववत नाही.

अशा वेळी राखीव मुलखाने काय केले? १८६१ साली हिंदुस्थानातून ब्रिटनला गेलेला कापूस २० कोटींवरून जवळजवळ ३७ कोटी रत्तलांवर गेला. पाहणारा म्हणेल, योजना सफल झाली. पण थोडे थांबून विचार करावा. युद्ध सुरू झाले एप्रिलमध्ये. त्या वर्षी लिव्हरपूलला पोचलेला माल तत्पूर्वीच पिकलेला होता. नवी जमीन कापसाखाली येऊन तिचा माल पोचण्यास इतक्या अवधीत शक्यताच नव्हती. मग ही वाढ आली कोठून? चीनला जाणारा कापूस वळवला गेला. आणि देशातल्या देशात जो कातला, विणला, गादीत भरला जाई तो बाहेर निघाला. तेजीच्या भरात लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला कापूस विकला, असे मुंबईकडे सांगत. आमच्या विणकरांचे काय झाले असेल याचा अंदाज यावरून करावा. ज्या भावात लिव्हरपूल कापूस उचलीत होते त्या भावात हातमागावरच्या माणसाला सूत परवडणे शक्य नव्हते. लँकेशायरच्या बेकार कामकऱ्याची मोजदाद आठवड्याआठवड्याला होत होती. हुबळीच्या किंवा नागपूरच्या विणकराची तशी मोजदाद करावी असे कोणाला वाटले नाही.

पुढची वाढ याहून मंद होती. १८६२ मध्ये ३९ कोटी रत्तल, १८६४ मध्ये सुमारे ५० कोटी ६५ लाख. किंमत मात्र आभाळाला भिडली. अमेरिकन 'ऑर्लिन्स' कापसाचा सरासरी भाव १८६० साली रत्तलास सव्वासहा पेन्स होता, तो १८६४ साली साडेसत्तावीस पेन्सांवर गेला. इतका भाव मिळत असता व्यापाऱ्यांनी रस्त्यांत, यंत्रांत, लागवडीत पैसा का ओतला नाही? उत्तर साधे आहे. युद्ध उद्या संपेल अशी भीती रोज होती. तहाची नुसती अफवा उठली की लिव्हरपूलचा भाव कोसळे. वर्षाने हाती येणाऱ्या पिकासाठी आज चढ्या दराने आगाऊ रक्कम देणारा, अमेरिकेची कोठारे मध्येच उघडली तर भिकेस लागणार. त्यामुळे वायद्याचे सौदे भराभर झाले, विहिरी आणि रस्ते झाले नाहीत. संकट किती काळ चालेल हे कोणालाच माहीत नसते, आणि म्हणूनच संकटाच्या काळात दुसरी वाट बांधली जात नाही. ती अगोदर बांधलेली असेल तरच उपयोगी.

रेल्वेचेही हेच. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ थळ घाटाच्या खाली कसाऱ्यापर्यंत १८६१ सालीच आले होते, घाटाच्या वर नाशकाच्या बाजूसही पोचले होते. मधला घाटाचा तुकडा सुरू झाला तो १ जानेवारी १८६५ रोजी. युद्धाच्या ऐन वर्षांत खानदेश-वऱ्हाडच्या गाठी वर आगगाडीतून उतरवून, बैलगाड्यांनी घाट उतरवून, खाली पुन्हा आगगाडीत चढवाव्या लागत. नागपूरला गाडी पोचली १८६७ साली, खामगावची शाखा निघाली १८७० साली. दोन्ही वेळा पाहुणे आले, भाषणे झाली. भाव मात्र उतरलेले होते.

मालाच्या प्रतीची रडही येथेच सांगितली पाहिजे. 'सुरत' हा शब्द लँकेशायरमध्ये शिवी झाला. देवा, आम्हास कापूस दे, पण सुरत नको, अशी कोणी प्रार्थना केल्याची आख्यायिका आहे. आणि १८६३ साली एका बिअर गाळणाऱ्याने आपल्याला 'सुरती' म्हटल्याबद्दल बदनामीचा दावाच लावला. आखूड धागा, आत पाने, माती, सरकी, वजन वाढावे म्हणून शिंपडलेले पाणी. यंत्रे अमेरिकन धाग्यासाठी घडविलेली. सुरतचा धागा सारखा तुटे, आणि तुकड्यावर मजुरी मिळणाऱ्या कामकऱ्याचा पगार घटे. इकडे मुंबई सरकारने १८६३ साली कापसातील लबाडीविरुद्ध कायदा करून शेतकरी-व्यापाऱ्यांमागे निरीक्षक लावले. लबाडी होती यात शंका नाही. परंतु स्वच्छ मालाला आणि घाणेरड्या मालाला गावच्या बाजारात जवळजवळ एकच भाव, आणि तोही पीक उभे असतानाच सावकाराने ठरविलेला. अशा स्थितीत शेतकऱ्याने पाला निवडीत बसावे तरी कशासाठी? निरीक्षकाला हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती.

मुंबईत जे झाले ते थोडक्यात सांगतो. त्या काळच्या हिशेबाप्रमाणे या पाचएक वर्षांत मुंबईस कापसाच्या नेहमीच्या किमतीपेक्षा ८ कोटी १० लाख पौंड अधिक मिळाले. त्यातून बँका, समुद्र हटविणाऱ्या कंपन्या आणि निव्वळ कागदी कंपन्या निघाल्या. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण आले, आणि १ जुलैला वायद्यांच्या देण्याघेण्याचा दिवस उजाडला तेव्हा शहर बुडाले. बँक ऑफ बॉम्बे मोडली. डॉक्टर भाऊ दाजींसारखा विद्वान त्यात निर्धन झाला. राजाबाई टॉवर, बंदराचा भराव आणि पुढे १८७३ साली स्थापन झालेला पोर्ट ट्रस्ट ही त्या वेडाची शिल्लक. शहराच्या पदरात निदान काही पडले.

खेड्याच्या पदरात काय पडले हे सांगणे अधिक अवघड आहे. शेतकऱ्याने गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या, अशा कथा त्या काळच्या अधिकाऱ्यांनी चवीने लिहून ठेवल्या आहेत. कोणी बसविल्याही असतील. पैसा आला हे खरे, पण त्याचबरोबर धान्यही महागले, आणि चढ्या भावांकडे पाहून सावकारांनी पत वाढविली. सरकारच्या जमाबंदीची फेरतपासणीही पुणे जिल्ह्यात १८६७ पासून सुरू झाली, ती याच भरभराटीच्या आठवणीत. सारा वाढला तेव्हा भाव पडत होते. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतपत्रे काढून जाळली. सुपे हा काही कापसाचा मुलूख नव्हे, आणि दंगलीचे सारे खापर अमेरिकन युद्धावर फोडणे भाबडेपणाचे होईल. पण तेजीत सैल झालेली आणि मंदीत आवळलेली पत हे एक कारण खुद्द चौकशी आयोगालाही दिसले होते.

युद्धानंतर एक-दोन वर्षे हिंदी कापसाची निर्यात चढतीच राहिली. १८६६ साली ती ६१ कोटी रत्तलांच्या वर गेली आणि त्या वर्षी तिने अमेरिकेलाही मागे टाकले. पण १८७० नंतर अमेरिकन कापूस पुन्हा वरचढ झाला, आणि लँकेशायरने सुरतकडे पाठ फिरविली. इजिप्तची गोष्ट निराळी. १८६० साली तेथून सुमारे ४ कोटी ४० लाख रत्तल कापूस आला होता, १८६४ साली साडेबारा कोटी. आणि युद्धानंतरही त्याने आपली जागा राखली, कारण त्याचा लांब धागा बारीक सुतासाठी अमेरिकेपेक्षाही सरस होता. केवळ अडचणीतला पर्याय असणे आणि स्वतःच्या गुणावर गिऱ्हाईक असणे, यांतला हा भेद धारवाड-अमेरिकनलाही गाठता आला असता. पण भाव पडताच त्याच्या बियाण्यात देशी बी मिसळू लागले, यंत्रांची डागडुजी मागे पडली, आणि तो कापूस बाजारात आपली पूर्वीची इभ्रत गमावून बसला. मँचेस्टरची कॉटन सप्लाय असोसिएशन १८७२ साली विसर्जित झाली. कापूस पुन्हा स्वस्त होता. तिचे काम संपले असे सभासदांना वाटले.

लिव्हरपूलने मात्र एक गोष्ट त्या वर्षांत पक्की शिकून घेतली. समुद्रावर असलेल्या, अद्याप न पोचलेल्या मालाचे सौदे युद्धकाळात बोकाळले होते; त्यांतूनच पुढे तेथला वायदेबाजार घडला. भाव पडण्या-चढण्याची जोखीम कागदावर दुसऱ्याच्या गळ्यात घालता येऊ लागली, तसे दुसरा मुलूख पोसून ठेवण्याचे प्रयोजनही उरले नाही. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याजवळ असा कागद नव्हता. त्याने कापसाखाली आणलेली जमीन आणि घेतलेले कर्ज दोन्ही तशीच राहिली.

त्याच्या आखूड धाग्याला गिऱ्हाईक मिळाले ते दुसरीकडे. १८६९ साली सुएझचा कालवा उघडल्यावर युरोपातील इतर देश तो घेऊ लागले. आणि मुंबईच्या गिरण्या, ज्यांना तेजीच्या काळात कापूसच परवडत नव्हता, त्यांनी तो कातून सूत चीनला पाठविण्यास आरंभ केला. तुकोजीराव होळकर यांनी इंदुरात संस्थानची गिरणी उभारली आणि खांडवा-इंदूर रेल्वेसाठी १ कोटी रुपयांचे कर्ज इंग्रज सरकारला दिले. जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल मुंबईत न काढता कापसाच्या शेजारी, नागपुरात काढली. ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. घाट, बंदर, केपचा वळसा यांपैकी कशाचीच तिला गरज नव्हती.

धारवाडच्या कापसाला समुद्राची जवळची वाट मिळाली ती १८८०च्या दशकाच्या अखेरीस, कारवारला नव्हे तर पोर्तुगिजांच्या मुरगावला. कॅसलरॉकवरून दूधसागरच्या कड्याने उतरणारी ती रेल्वे गोव्यातील वाचकांच्या परिचयाची आहे. हुबळीहून कारवारला थेट जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकात झाला नाही, विसाव्यातही झाला नाही. आणि १९०२ साली, अमेरिकन कापूस पुन्हा टंचाईत सापडेल या धास्तीने, मँचेस्टरमध्ये 'ब्रिटिश कॉटन ग्रोइंग असोसिएशन' या नावाची नवी संस्था स्थापन झाली. तिने नकाशा पसरला, आणि या वेळी बोट ठेवले ते आफ्रिकेवर.